पिंजऱ्यातला चिंपांझी डुलत का बसतो?

प्रश्न थोडक्यात असा. एका प्राणिसंग्रहालयात तुम्ही एक प्रौढ नर चिंपांझी पाहिला. कोपऱ्यात बसून तो अर्धा तास पुढे-मागे डुलत होता, कोपरापासून मनगटापर्यंत त्याच्या हातांवर केस जवळजवळ नव्हते, आणि मध्येच त्यानं खाल्लेलं ओकून हातावर घेतलं नि परत खाल्लं. पलीकडच्या पिंजऱ्यातलं एक माकड काचेपाशी येऊन लोकांकडे बघून ‘हसत’ होतं. हा वेडा झालाय का, खेळणी दिली तर बरा होईल का, की सरळ जंगलात सोडावं, आणि असल्या ठिकाणी आपण जावं तरी का, असं तुम्ही विचारलंय.

एकवीस वर्षं मी या प्राण्यांच्या देखभालीत काढली. पहिली अकरा कीपर म्हणून, पुढची त्यांच्या वागणुकीच्या नोंदी ठेवणारी म्हणून. उत्तर लांबेल. तुम्ही पाहिलेल्या गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि आपण सगळे त्यांची एकच मोळी बांधून तिला ‘दुःख’ म्हणून मोकळे होतो.

आधी डुलणं. वेड हा शब्द बाजूला ठेवा. डुलण्याचं मूळ बहुतेकदा आजच्या पिंजऱ्यात सापडत नाही, त्या प्राण्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सापडतं. चिंपांझीचं पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं आणि सुरुवातीचे महिने तिच्या पोटाला घट्ट धरूनच असतं. आई चढते, उतरते, वळते, तसं तेही दिवसभर हलत राहतं. शिकाऱ्यानं आईला मारून ते उचललं किंवा माणसांनी हातावर वाढवायला घेतलं, की ती हालचाल एकदम थांबते. मग पिल्लू ती स्वतःच्या अंगातून काढतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांना तारेची आणि मऊ कापडाची अशा दोन खोट्या आया दिल्या होत्या, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं कापडाला बिलगत. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. कापडाच्या आईजवळ वाढलेली पिल्लंही डुलत. पुढे १९७५ मध्ये विल्यम मेसन आणि गेर्शन बर्कसन यांनी काही पिल्लांना एका जागी उभी असलेली खोटी आई दिली आणि काहींना झुलणारी. झुलणाऱ्या आईजवळच्या पिल्लांना डुलण्याची सवय लागलीच नाही.

म्हणून प्रौढ चिंपांझी डुलताना दिसला की मी आधी त्याची फाइल मागते. जन्म कुठला, आईजवळ किती महिने होता, एकटा किती वर्षं होता. सर्कस, प्रयोगशाळा, कुणाचं तरी घर असं काही त्यात निघालं, तर डुलणं हा जुना वण असण्याची शक्यता मोठी. वण आणि ओली जखम यांतला फरक नोंदींतून कळतो. वण असेल तर डुलणं ठरावीक वेळी येतं: झोपायच्या आधी, दारं सरकताना, अनोळखी आवाज झाल्यावर. कुणी शेजारी येऊन बसलं किंवा खायला काही दिसलं की ते थांबतं. ओली जखम असेल तर डुलणं दिवसाचे तासच्या तास खातं, कशानंही थांबत नाही, आणि गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त भरतं. तुम्ही अर्धा तास पाहिलंत. तेवढ्यावरून यांतलं काय ते छातीठोक सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता एक उलटं वाटेल असं. एकाच वाईट पिंजऱ्यात दहा प्राणी असतील, तर सगळ्यांत जास्त डुलणारा किंवा फेऱ्या मारणारा प्राणीच सगळ्यांत वाईट अवस्थेत असतो असं नाही. बंदिस्त प्राण्यांच्या एकसुरी चाळ्यांवर आयुष्यभर काम केलेल्या जॉर्जिया मेसन यांनी हे फार नीट मांडलंय. खराब जागेत चाळे वाढतात हे खरंच, पण त्याच जागेतल्या प्राण्यांची आपसांत तुलना केली, तर चाळा करणारा कधीकधी न करणाऱ्यापेक्षा बरा सावरलेला असतो. मला खरी भीती वाटते ती भिंतीकडे तोंड करून बसलेल्याची, जो हलतही नाही आणि कशाकडे बघतही नाही. तो कुणाच्या व्हिडिओत येत नाही. बघणारे म्हणतात, शांत आहे बिचारा.

आणि चाळा जबरदस्तीनं बंद करायचा नसतो. हे मी चुकून शिकले. आमच्याकडे एक चिंपांझी मादी होती, एका घरात कपडे घालून, चमच्यानं भरवून वाढवलेली. नऊ वर्षांची झाल्यावर घरच्यांना आवरेना, तेव्हा आमच्याकडे आली. एक जुनी चादर डोक्यावरून घेऊन ती डुलायची. चादरीला कुबट वास यायला लागला तेव्हा मी ती धुवायला काढली आणि त्याच रंगाची दुसरी स्वच्छ चादर आत टाकली. संध्याकाळपर्यंत तिनं स्वतःच्या मनगटाचा चावा घेऊन मांस उघडं केलं होतं. डॉक्टरांनी भूल देऊन सात टाके घातले. चादर तिला रंगासाठी नकोच होती, वासासाठी हवी होती. आणि मी नेमका वासच धुऊन टाकला.

केसांचं वेगळं. केस गेलेले दिसले की पहिली पायरी डॉक्टर: त्वचेचा रोग, बुरशी, परजीवी, संप्रेरकांची गडबड, वय. त्यातून काही निघालं नाही तर जागा बघायची. हाताचा पुढचा भाग, मांड्या, पोट अशा स्वतःचा हात पोचेल तिथलेच केस गेले असतील, खुंट तुटलेले दिसत असतील, तर तो स्वतः उपटतोय. डोकं आणि पाठ बोडकी असेल तर उपटणारा बहुधा शेजारी बसणारा आहे. चिंपांझी आणि त्यांचे जवळचे नातलग बोनोबो एकमेकांचे केस विंचरतात, त्यातली उपटण्याची खोड एकापासून दुसऱ्याला लागू शकते. सगळा गट टकला झालाय आणि त्याखेरीज सगळं ठीक आहे, असंही मी पाहिलंय. तुमच्या नराचे केस हातावरचे गेलेत, तेव्हा तो स्वतःच उपटत असावा. पण यातही तारखा लागतात. केस उगवायला लागलेत की अजून जातायत, हे दोन फोटोंवरून कळतं, एकावरून नाही.

आणि ओकून खाणं. लोकांना हे सगळ्यांत किळसवाणं वाटतं, आणि सगळ्यांत सुटण्यासारखं हेच असतं. जंगलातल्या गोरिलांमध्ये हे दिसलेलं नाही. पिंजऱ्यातल्या गोरिला आणि चिंपांझींमध्ये मात्र ते नेहमीचं आहे. हा वेदनेचा उद्गार नसून बराचसा जेवणाचा हिशेब आहे. जंगलात चिंपांझीचा जवळजवळ निम्मा दिवस खाणं शोधण्यात आणि खाण्यात जातो. गोरिला तर पाला, देठ, खोडांचा गाभा चावत बसलेला असतो. पिंजऱ्यात दोन वेळा बादली येते. त्यात गोड फळं आणि कारखान्यात तयार झालेली बिस्किटं, वीस मिनिटांत फस्त. पोषणतक्त्याप्रमाणे सगळं बरोबर असतं. पण तोंडाला आणि हाताला दिवसभराचं जे काम होतं ते वीस मिनिटांत आटोपलं, मग उरलेल्या दिवसाचं करायचं काय? तर तेच जेवण परत वर आणायचं आणि पुन्हा जेवायचं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयात दोन नर गोरिलांची बिस्किटं पूर्ण बंद करून त्यांना ढीगभर पालेभाज्या आणि झाडांच्या फांद्या द्यायला सुरुवात झाली. खाण्यात जाणारा वेळ खूप वाढला, प्रत्येकाचं वजन सुमारे ३० किलोनं उतरलं आणि ओकून खाणं थांबलं. वजनाचा मुद्दा साधा समजू नका. पिंजऱ्यातल्या मोठ्या वानरांमध्ये (म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान वगैरे), विशेषतः नरांमध्ये, हृदयविकार हे मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयानं २०१४ च्या सुमारास माकडांची केळी बंद केली तेव्हा बातम्या झाल्या, लोक हसले. पण कारण पक्कं होतं. बाजारात मिळणारी फळं माणसाच्या जिभेसाठी पिढ्यान्‌पिढ्या गोड करत आणलेली आहेत; जंगली फळात साखर कमी आणि चोथा जास्त असतो. माकडाला केळं देणं म्हणजे रोज मिठाई भरवणं. क जीवनसत्त्वाचं मात्र विसरून चालत नाही. माकडं आणि वानरं आपल्यासारखीच ते स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाहीत. लेमूर आणि लोरिस हे त्यांचे लांबचे नातलग मात्र करतात.

इथून मी खेळण्यांवर येते, कारण खेळणी हा लोकांचा आणि व्यवस्थापनांचाही आवडता उपाय आहे. रंगीत चेंडू, टायर, दोर. पहिल्या दिवशी गर्दी, तिसऱ्या दिवशी कुणी ढुंकूनही बघत नाही. पण पाहुण्यांना दाखवायला टायर बरा पडतो, म्हणून तो वर्षानुवर्षं लटकत राहतो. एन्रिचमेंट, म्हणजे प्राण्याचा दिवस भरावा म्हणून पिंजऱ्यात केलेली सोय, हा आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त वापरला आणि सगळ्यांत कमी मोजला जाणारा शब्द. मी ज्या कुठल्या ठिकाणी तपासणीला जाते तिथे वस्तूंची यादी विचारत नाही. एवढंच विचारते, की या प्राण्याच्या सकाळी सहा ते संध्याकाळी सहा यांतले किती तास कशात गेले. तास भरता येतील असं काही असेल तर ते एन्रिचमेंट, बाकीचं सामान.

तास भरायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग मला माहीत असलेला असा: सिमेंटच्या जमिनीवर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर अंथरायचा आणि त्यात मूठ-मूठ धान्य आणि बिया उधळायच्या. स्वच्छतेच्या नावाखाली रोज पाइपानं धुतलेली चकचकीत फरशी आम्हाला लहानपणापासून चांगली वाटते. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्नॉल्ड शामोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच जातींवर हे करून पाहिलं. शोधण्यात वेळ गेला, भांडणं कमी झाली. आणि जुना होत गेलेला थर जंतूंची वाढ उलट रोखू लागला. एक दाणा सापडायला माकडाला दहा वेळा हात घालावा लागतो, हेच त्यातलं मर्म. आमच्याकडे सफाई कर्मचाऱ्यांना हे पटवायला प्राण्यांना पटवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पण खाणं कितीही नीट केलं तरी एक गोष्ट त्यानं भरून निघत नाही, ती म्हणजे सोबत. माझं मत विचाराल तर माकडाला एकटं ठेवण्याइतकं वाईट दुसरं काही आपण त्याला करत नाही, उपाशी ठेवणं सोडलं तर. अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्यात १९८५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा प्राइमेटांचं, म्हणजे माकडं-वानरांच्या सगळ्या कुळाचं, मानसिक स्वास्थ्य जपणारी जागा देणं प्रयोगशाळांना बंधनकारक झालं. कायद्यात ‘मानसिक’ हा शब्द आला ही मोठी गोष्ट होती. त्यावर पिंजरे किती इंचांनी मोठे करायचे याचा घोळ मात्र पुष्कळ वर्षं चालला, कारण इंच मोजता येतात. माझा अनुभव असा, की मोठ्या पिंजऱ्यातला एकटा आणि मध्यम पिंजऱ्यातले चौघं यांत चौघांचं बरं चाललेलं असतं.

नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींचा मोठा गट उन्हाळ्यात प्रशस्त बेटावर आणि हिवाळ्यात बंद दालनात असे. बंद दालन बेटाच्या मानानं सुमारे वीसपटीनं लहान. सगळ्यांना वाटलं, हिवाळ्यात रक्तपात होईल. भांडणं वाढली, पण दुपटीलाही पोचली नाहीत. आणि त्याबरोबर एकमेकांचे केस विंचरणंही वाढलं. दाटीवाटीत ही मंडळी एकमेकांना सांभाळून घ्यायला लागतात. त्याच गटावर फ्रान्स द वाल यांनी भांडणानंतर होणाऱ्या दिलजमाईचा अभ्यास केला आणि तो १९७९ मध्ये छापला गेला.

सोबत म्हणजे कुणीही कुणाबरोबरही ढकलणं नव्हे, हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं १९२५ मध्ये जगाला फार महागात दाखवलं. सिमेंटची एक टेकडी बांधून तिथे हमाद्रियास बबून जातीची सुमारे शंभर माकडं सोडली, जवळजवळ सगळे नर. दोन वर्षांनी आणखी तीसेक माद्या सोडल्या. या जातीत एकेक नर आपापल्या माद्यांचं छोटं कुटुंब राखतो, आणि एकमेकांना ओळखत नसलेल्या नरांनी त्या माद्यांसाठी मारामाऱ्या केल्या. ओढाताणीत बहुतेक माद्या मेल्या. सॉली झुकरमन यांनी तिथल्या निरीक्षणांवर पुस्तक लिहिलं, आणि माकडांचं सगळं जगणं म्हणजे मादीसाठीची मारामारी अशी समजूत त्यामुळे कितीतरी वर्षं टिकली. चुकीच्या रचलेल्या गटाचं वागणं हे जातीचं वागणं म्हणून वाचलं गेलं. पिंजऱ्यासमोर उभं राहून ‘ही माकडं अशीच असतात’ म्हणणारा माणूस आजही तेच करतो.

जातीनुसार हिशेब पार बदलतो. लांब हातांचे गिबन जोडीनं राहतात, सकाळी नर-मादी मिळून गातात; त्यांना लांबलचक झोके घेता येतील अशी उंची लागते, जमिनीचं क्षेत्रफळ त्यांच्या काही कामाचं नाही. ओरांगउटानचा प्रौढ नर बराच काळ एकटा असतो, त्याला जबरदस्तीनं मेळाव्यात ठेवलं तर तो आणि मेळावा दोघंही वैतागतात. मार्मोसेट ही चिमुकली माकडं वासानं जगतात. त्यांचा पिंजरा एका दिवसात घासून लख्ख केला तर त्यांचं घरच पुसलं जातं, म्हणून अर्ध्या फांद्या या आठवड्यात, अर्ध्या पुढच्या. त्यांना खोड कुरतडून डिंक काढायची सवय असते, तेव्हा वाटीत डिंक न ठेवता फांदीला भोकं पाडून त्यात भरायचा. गोरिलांत नर-मादी सारख्याच संख्येनं जन्मतात आणि कुटुंबात प्रौढ नर बहुधा एकच, त्यामुळे उरलेल्या नरांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक प्राणिसंग्रहालयाच्या उरावर असतो. तरुण नरांचे वेगळे गट करतात, काही छान चालतात, काही वयात आल्यावर फुटतात. यावर पक्कं उत्तर मी अजून पाहिलेलं नाही.

चादरवाल्या मादीला आम्ही गटात कसं आणलं तेही सांगते. पहिल्यांदा दोन जाळ्या, मध्ये हातभर जागा, म्हणजे दिसेल, ऐकू येईल, वास येईल, पण हात पोचणार नाही. मग एकच जाळी. मग जाळीतून एकमेकांचे केस विंचरायला लागल्यावर दार उघडायचं, तेही गटातल्या सगळ्यांत शांत म्हातारीबरोबर. आणि दोन दारं हवीतच. एकच दार असेल तर घाबरलेला प्राणी कोंडीत सापडतो. या सगळ्याला नऊ महिने लागले. तिला चिंपांझींची भाषा येत नव्हती. दुसरीनं पाठ पुढे केली तर आपण विंचरायचं असतं, हे तिला कळायचं नाही. ती आपली हात जोडल्यासारखी बसायची. हार्लो यांच्याच प्रयोगशाळेत १९७२ मध्ये असं दिसलं होतं, की सहा महिने एकांतात वाढलेल्या पिल्लांना तीन-तीन महिन्यांच्या छोट्या माद्यांची सोबत दिली तर ती बरीच सावरतात, कारण छोटं पिल्लू मारामारी न करता नुसतं बिलगतं. आमच्याकडे ते काम गटातल्या दोन वर्षांच्या एका पिल्लानं केलं. ते तिच्या चादरीत शिरायचं. पुढे चादर कोपऱ्यात पडून राहायला लागली. डुलणं पूर्ण गेलं नाही. संध्याकाळी दारं सरकली की दहा-पंधरा मिनिटं ती डुलायचीच, अगदी शेवटपर्यंत.

या प्राण्यांना पुढचं कळतं. स्वीडनमधल्या फुरुविक प्राणिसंग्रहालयातला सांतिनो नावाचा नर चिंपांझी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, शांतपणे दगड गोळा करून ढीग लावून ठेवायचा आणि दुपारी लोकांवर फेकायचा. मॅथियास ओस्वॅथ यांनी २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. ज्याला दुपारचं सकाळी दिसतं, त्याला जेवणाला उशीर होतोय हेही कळतं. आखूड शेपटीच्या मकाकांवर (ऱ्हीससच्याच कुळातली ही माकडं) झालेल्या एका अभ्यासात नेहमीची वेळ टळून गेल्यावर अंग खाजवणं आणि बेचैनीच्या इतर खुणा वाढल्या. खाजवणं ही लहान गोष्ट वाटते, पण माकडांत तणाव मोजायला आम्ही तीच मोजतो. म्हणून एकतर वेळ पाळा, नाहीतर वेळ अशी विखुरून टाका की वाट बघायला ठरावीक क्षणच उरणार नाही. पण जेवण येतंय याची खूण, एखादी घंटा, पक्की ठेवा. मार्मोसेटांना बटण दाबून जास्तीचा दिवा लावता येईल अशी सोय एका प्रयोगात दिली, तर ते अधिक निवांत झाले. दिव्याचं काय एवढं? तो केव्हा लावायचा हे त्यांच्या हातात होतं, एवढंच. पिंजऱ्यात प्राण्याच्या हातात जवळजवळ काहीच नसतं. मागे लपायची एक खोली आणि तिचं दार दिवसभर उघडं, याला मी सगळ्या खेळण्यांपेक्षा जास्त गुण देते. बघणाऱ्यांना प्राणी दिसत नाही म्हणून तक्रारी येतात, त्या येऊ द्याव्यात.

उपचारांचंही तसंच. पूर्वी रक्त काढायचं तर बंदुकीनं भुलीचं इंजेक्शन मारायचे. आता बक्षीस देऊन शिकवलेला चिंपांझी जाळीतल्या नळीत स्वतःहून हात घालतो, सुई टोचून घेतो, छाती जाळीला लावून हृदयाची सोनोग्राफी करू देतो. त्याला वाटेल तेव्हा तो उठून जाऊ शकतो, आणि म्हणूनच बहुतेकदा जात नाही.

आता ते ‘हसणारं’ माकड. ओठ मागे खेचून दातांच्या दोन्ही ओळी दाखवणं हे बहुतेक मकाकांमध्ये ‘मी लहान, मला मारू नकोस’ असं असतं; चिंपांझीतही ताणून दाखवलेले दात बहुधा भीतीचे किंवा गोंधळाचे. १९६१ च्या ३१ जानेवारीला अमेरिकेनं हॅम नावाच्या चिंपांझीला अवकाशात पाठवलं, तेव्हाचे त्याचे दात दाखवणारे फोटो जगभर हसू म्हणून छापले गेले. जेन गुडॉल यांच्यासारख्या जाणकारांना त्यात हसू दिसलं नाही, आत्यंतिक भीती दिसली. हॅम पुढे १९६३ ते १९८० वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात एकटाच राहिला, मग नॉर्थ कॅरोलायनात त्याला इतर चिंपांझींची सोबत मिळाली आणि तीनच वर्षांत तो गेला. खऱ्या खेळातला चेहरा वेगळा असतो: तोंड सैल उघडं, वरचे दात ओठाखाली झाकलेले, बरोबर धापा टाकल्यासारखा घोगरा आवाज. सगळीकडे एकच नियम लावू नका, मँड्रिल दात दाखवतो तो मैत्रीनं. स्लो लोरिसला गुदगुल्या केल्यावर तो हात वर करतो त्या व्हिडिओंवर लोक लोभावतात. हात वर करणं ही त्याची बचावाची मुद्रा आहे, त्याच्या कोपराजवळच्या ग्रंथीतून विषारी स्राव येतो, आणि विकायला आणलेल्या लोरिसचे दात म्हणूनच कापलेले असतात.

जंगलात सोडण्याचं सांगायचं तर तुमच्या चिंपांझीसाठी ते बहुतेक मृत्युदंड ठरेल. ब्राझीलमध्ये १९८४ पासून सोनेरी सिंह टॅमारिन सोडायला सुरुवात झाली, तेव्हा पिंजऱ्यात जन्मलेली पहिली माकडं हलत्या, वाकणाऱ्या फांद्यांवर चालायलाही बिचकत. बरीच मेली. मग सोडायच्या आधी त्यांना झाडांत मोकळं ठेवणं आणि सोडल्यावरही सांभाळणं सुरू झालं, आणि एकूण प्रयत्न यशस्वी ठरला. ते इवलंसं माकड होतं, शिवाय पाठीशी अनेक वर्षांची मेहनत होती. प्रौढ चिंपांझी माणसाला घाबरत नाही, खाणं ओळखत नाही, आणि जंगलातले चिंपांझी परक्या नराला ठार करतात. त्याच्यासाठी चांगला गट आणि चांगला दिवस हेच मागावं.

आणि जावं का? जा, पण काचेपासून दोन पावलं मागे उभे राहा. मकाकांना डोळ्यांत डोळे घालून बघणं म्हणजे धमकी. बेलफास्टच्या प्राणिसंग्रहालयात गोरिलांच्या काचेवर नुसती जाळी लावून पाहुणे थोडे झाकले, तर गोरिलांची आक्रमकता आणि चाळे कमी झाले. सर्दी असेल, ओठावर नागीण (हर्पिसचे फोड) आली असेल तर जाऊच नका. तुमची साधी ओठावरची नागीण मार्मोसेटाचा जीव घेऊ शकते, आणि २०२१ च्या जानेवारीत सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना करोना झाला होता.

तिथल्या लोकांना त्या नराबद्दल कळवायचं असेल तर ‘तुमचा चिंपांझी दुःखी आहे’ एवढंच लिहू नका. असली पत्रं रोज येतात आणि फाइलला लागतात. तारीख आणि वेळ लिहा, डुलणं कधी सुरू झालं, कशानं थांबलं, ओकणं जेवणानंतर किती वेळानं होतं. तो एकटा राहतो की गटात आणि त्याची जेवणं दिवसात किती, हे दोन प्रश्न विचारा. व्हिडिओ पाठवणार असाल तर कॅमेरा त्याच्यावर रोखून न धरता थोडा मागे घ्या, म्हणजे आसपास बाकीचे चिंपांझी असले तर ते त्या वेळी काय करत होते तेही दिसेल.